ब्रँडची तक्रार, लिस्टिंग बंद

प्रश्न : मी लातूरचा. छत्रपती संभाजीनगरच्या डीलरकडून नामांकित कंपनीचे बूट पक्क्या बिलावर घेऊन ऑनलाइन विकतो. कंपनीच्या तक्रारीवरून वेबसाइटवरचं माझं लिस्टिंग (मालाचं विक्रीचं पान) बंद झालं. माल अस्सल आहे. काय करावं?

उत्तर : आधी वेबसाइटच्या मेलमधलं कारण नीट वाचा. कंपनीचे फोटो वापरल्याची तक्रार असेल तर बिलं दाखवून उपयोग नाही. ते फोटो हटवा, स्वतः काढलेले लावा.

आरोप ट्रेडमार्कचा असेल तर ट्रेडमार्क कायदा, 1999 चं कलम 30(3) तुमच्या बाजूचं आहे. मालकाने किंवा त्याच्या संमतीने बाजारात आणलेला माल रीतसर विकत घेतला असेल, तर तो पुढे विकता येतो. पण लगेच खाली 30(4) आहे : मालाची स्थिती बदलली किंवा बिघडली, तर कंपनी हरकत घेऊ शकते. ग्राहकाने परत केलेला जोड दुसऱ्या खोक्यात घालून 'नवा' म्हणून विकणं इथेच अंगलट येतं.

लिस्टिंग परत सुरू करण्यासाठी वेबसाइटकडे अपील करा आणि त्याला जीएसटी बिल जोडा. बिलावर मॉडेल, नग आणि विक्रेता खात्यावर आहे तेच तुमचं नाव हवं. 'शूज मिक्स, 40 नग' असलं बिल कुचकामी. विकलेले नग बिलावरच्या नगांपेक्षा जास्त भरले, तर संशय उलट वाढतो. खोक्यावरच्या लेबलचे फोटोही द्या. शिवाय तक्रारदारालाच हे सगळं मेल करून तक्रार मागे घ्यायला सांगा. बहुधा हाच जवळचा रस्ता.

'अधिकृत विक्रेता' असं लिहिलं असेल तर आजच काढा. काही ब्रँडसाठी वेबसाइट आधी ब्रँडचं परवानगीपत्र मागते. तिथे डीलरचं बिल पुरत नाही.