वाचकांचे प्रश्न : मायक्रोफायबरचे फडके

मायक्रोफायबरचे फडके आता घरोघरी पोचले आहे, ते सांभाळायची रीत मात्र सोबत पोचलेली नाही. पाऊस सुरू झाल्यापासून आलेली बहुतेक पत्रे त्याच्याच तक्रारींची आहेत. त्यातली निवडक इथे घेतली आहेत.

नवे होते तेव्हा फडके एका हातात ओटा कोरडा करायचे. आता पाणी नुसते इकडून तिकडे ढकलते. मशीनमध्ये टॉवेलांबरोबर धुते आणि शेवटी कंडिशनर घालते. फडके संपले का? – एक वाचक, मडगाव

संपले नाही, बुजले आहे. हे फडके पॉलिएस्टर आणि नायलॉनचे असते, बहुधा ८० टक्के पॉलिएस्टर आणि २० टक्के नायलॉन. दोन्हींचा मिळून एकच तंतू काढतात आणि कापड विणून झाल्यावर तो उभा चिरतात. तो आडवा कापून भिंगाखाली धरला तर मोसंबीच्या सुट्या झालेल्या फोडी दिसाव्यात तसा दिसतो. बारीक इतका, की ९००० मीटर तंतूचे वजन १ ग्रॅमही भरत नाही. सुती धागा स्वतः पाणी पितो. पॉलिएस्टर जवळजवळ पीत नाही. पाणी, धूळ, तेल सगळे अडकते ते या फोडींमधल्या फटींत. फटी भरल्या की हातात उरते ते साधे प्लास्टिकचे कापड.

तुमच्याकडे त्या दोन बाजूंनी भरल्या आहेत. कंडिशनर कपडा मऊ करतो तो धाग्यावर मेणचट थर चढवून. टॉवेलाला ते मानवते, या फडक्याला नाही. शिवाय टॉवेलाची तुसे फटींत शिरतात आणि मग काच पुसताना काचेवर उतरतात.

दुरुस्ती अशी करा. एक तांब्या उकळते पाणी आणि दोन तांबे नळाचे, म्हणजे साधारण ५० अंशांचे पाणी होते. अशा ३ लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे भांडी घासायचे लिक्विड घाला आणि फडकी अर्धा तास बुडवून ठेवा. मग चोळू नका, दाबून दाबून मळ काढा. फेस यायचा थांबेपर्यंत साध्या पाण्यात खळबळा. तीन-चार पाणी लागतात. अजूनही पाणी ढकलत असेल तर २ लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवा आणि पुन्हा खळबळा. साबणाचा आणि क्षारांचा चिकट थर त्याने सुटतो. वाळल्यावर लादीवर चमचाभर पाणी ओतून त्यावर फडके टेकवा. उचलल्यावर लादी कोरडी दिसली की काम झाले.

पुढे चार गोष्टी पाळा: टॉवेलांबरोबर धुणे नाही, कंडिशनर नाही, ब्लीच नाही, इस्त्री नाही. ब्लीचने नायलॉन कुजतो आणि इस्त्रीने बारीक तंतू वितळून एकमेकांना चिकटतात. अशा फडक्याला मग कुठलाच उपाय नाही. ब्लीच आणि व्हिनेगर तर एका बादलीत कधीही आणू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. साबणाच्या वडीपेक्षा पातळ डिटर्जंट बरा, वडीचा साबण फटींत बसून राहतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ढिगाने फडकी मिळतात. खरे मायक्रोफायबर कसे ओळखावे? – एक वाचक, म्हापसा

कोरडा तळहात त्यावरून हलकेच फिरवा. चिरलेला तंतू हाताच्या बारीक खरबरीतपणात अडकतो, किंचित ओढ लागल्यासारखे वाटते, काहींना तर अंगावर काटा येतो. गुळगुळीत घसरले तर ते न चिरलेले पॉलिएस्टर. दिसायला तितकेच लवदार, कामाला निरुपयोगी.

घरी आणल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. ४० बाय ४० सेंटिमीटरचे फडके ४८ ग्रॅम भरले तर ते चौरस मीटरला ३०० ग्रॅमचे आहे, म्हणजे धूळ, ओटा, फर्निचर यांसाठी चांगले. ३५ ते ४० ग्रॅमचे, आखूड लवेचे फडके काच आणि आरसा यांना. ८० ग्रॅमच्या वरचे गुबगुबीत फडके गाडी टिपायला ठीक, पण घरात त्याचा फारसा उपयोग नाही. पावसात ते दोन-दोन दिवस वाळत नाही. कडेची शिलाई जाड, टणक असेल तर पॉलिशवर तीच ओरखडे काढते, तेव्हा बोट कडेवरूनही फिरवा. पहिल्या वापराआधी वेगळे धुऊन घ्या. गडद निळी आणि लाल फडकी पहिल्या दोन धुण्यांना रंग सोडतात.

समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. खिडकीच्या काचा पुसल्या की तासाभरात पुन्हा चिकट. फडके बदलूनही तेच. – एक वाचक, कोलवा

फडक्याचा दोष नाही, मिठाचा आहे. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे कण काचेवर बसतात आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही आर्द्रता रोजचीच. तुम्ही पुसता तेव्हा मीठ निघत नाही, पसरते.

आधी पाणी, मग फडके. काचेवर भरपूर साधे पाणी ओता किंवा शिंपडा, वरून खाली निथळू द्या. मग ओले फडके एकदा वरून खाली फिरवा, बादलीत बुडवून धुवा, घट्ट पिळा, पुन्हा फिरवा. शेवटी आखूड लवेच्या कोरड्या फडक्याने टिपा. कोरड्या काचेवर कोरडे फडके घासू नका, मिठासोबत वाळूचा कण असतो आणि तो काचेला चरे पाडतो. फडकेही रोज गोड्या पाण्यात खळबळा. मीठ राहिलेले फडके वाळतच नाही.

जुन्या घराच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या तकटी आहेत. त्या व्हिनेगरच्या पाण्याने पुसाव्यात का? – एक वाचक, बांदोडे

मुळीच नाही. शिंपला म्हणजे चुन्याचा क्षार. व्हिनेगर, लिंबू, चिंच, शौचालयाचे ॲसिड, काहीही आंबट लागले तर तो विरघळून निस्तेज होतो. गेलेली झिलई परत येत नाही. मऊ, रुंद ब्रशने धूळ झाडा, मग आखूड लवेचे, पिळून जवळजवळ कोरडे केलेले फडके दाब न देता टेकवत न्या. लांब लवेचे फडके इथे नको. शिंपल्याचे पापुद्रे सुटलेले असतात, लव त्यात अडकते आणि ओढताना कोपरा तुटतो. हाच आंबटाचा नियम संगमरवराला आणि लाल सिमेंटच्या जमिनीलाही लागू.

पावसात फडक्यांना कुबट वास येतो. कपाटाला बुरशी आली, तीही त्याच फडक्याने पुसली. आता सगळ्यालाच वास. – एक वाचक, वाळपई

दोन प्रश्न आहेत. आधी बुरशीचा, कारण वासाचे मूळ बहुधा तिथेच.

पांढरी बुरशी कोरड्या फडक्याने झटकली की तिची बीजे खोलीभर उडतात आणि आठवड्यात कपाटाच्या दुसऱ्या बाजूला उगवतात. फडके ओलसर हवे. ते एकदा मधोमध, पुन्हा एकदा मधोमध दुमडा. दोन्ही अंगांनी उलगडत गेलात तर ८ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू एकाच फटक्याला, मग पालटायची. आठही मळल्या की फडके थेट गरम साबणाच्या पाण्यात, मधे कुठे टेकवायचे नाही. तोंडावर मास्क बांधा, खिडकी उघडी ठेवा. पुसून झाले की कपाटाची दारे दिवसभर उघडी ठेवून पंखा लावा. फडके बुरशी उचलते, मारत नाही, त्यामुळे लाकडात ओल राहिली तर ती परत येणारच. कपाट भिंतीला टेकलेले असेल तर चार बोटे पुढे ओढा. ते एकच फडके बुरशीसाठी राखून ठेवा, त्याला कोपऱ्यात गाठ मारा म्हणजे चुकून ओट्यावर जाणार नाही.

आता वास. तो पाण्याचा नसतो, फटींत राहिलेल्या मळावर जगणाऱ्या जिवाणूंचा असतो. दमट हवेत फडके वाळायला जितका वेळ घेते तितका वेळ त्यांना मिळतो. म्हणून वापरून झालेले ओले फडके बादलीत, सिंकच्या कडेवर किंवा नळावर गोळा करून ठेवू नका. धुऊन मशीनच्या फक्त स्पिनला लावा. पाणी तंतूत मुरलेले नसल्यामुळे बहुतेक सगळे फेकले जाते. मशीन नसेल तर फडके कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळा. मग एका कोपऱ्याला चिमटा लावून, एकेक सुटे, पंख्याखाली. दोरीवर दुमडून टाकलेले फडके घडीच्या आत ओलेच राहते. चुलीवर वाळवू नये. धूर आणि तेलाची वाफ फटींत बसते, शिवाय ठिणगी पडली तर वितळते. कडक उन्हाचीही गरज नाही, नायलॉन रोजच्या उन्हात कमजोर होतो.

वास बसलेलाच असेल तर वरचे ५० अंशांचे पाणी आणि व्हिनेगर, दोन्ही पायऱ्या करा. त्यानंतरही आला तर ते फडके लादीला द्या.

नुस्ते (मासळी) साफ केल्यावरचा ओटा आणि गॅसची शेगडी एकाच फडक्याने पुसली तर चालते? – एक वाचक, वास्को

नको. नुस्त्याचे पाणी आधी स्वयंपाकघरातल्या कागदाने किंवा जुन्या सुती चिंधीने उचलून टाकून द्या, ओटा साबणाने धुवा आणि मगच फडके घ्या. शेगडीला वेगळे. पॉलिएस्टरला तेलाची ओढ असते, म्हणून ते तेलकटपणा छान उचलते आणि तितक्याच हट्टाने धरूनही ठेवते. शेगडी पूर्ण निवल्यावरच पुसा. बर्नर तापलेला असेल तर फडके त्याला चिकटते, आणि तापल्या टोपाला सांडशीऐवजी हे फडके लावले तर हातालाही. न्हाणीचे फडके अर्थातच तिसरे. रंग ठरवून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. एकट्याने पाळलेला रंगाचा नियम टिकत नाही.

समई आणि देवाची उपकरणी? – एक वाचक, फोंडा

तेल आणि काजळी जुन्या धोतराच्या तुकड्याने काढा, त्यासाठी मायक्रोफायबर वाया घालवू नका. चिंचेने किंवा सोलांनी (आमसुलांनी) घासा, धुवा, आणि मग मात्र मायक्रोफायबरने लगेच कोरडे करा. पाण्याचे डाग राहतात ते हवेवर वाळू दिल्यामुळे, तेवढे वाचतील. पेटलेल्या समईजवळ हे फडके नेऊ नये. सुती कापड जळून राख होते, हे वितळून कातडीला चिकटते.

खनिजाच्या रस्त्यालगत घर. गाडीवर रोज तांबडी धूळ. मऊ फडक्याने पुसूनही रंगावर गोल गोल रेषा उमटल्या. – एक वाचक, डिचोली

फडके मऊ असले तरी त्यात धरलेली धूळ मऊ नसते. लोहखनिजाचा आणि वाळूचा कण फडक्याने धरायचा आणि रंगावर फिरवायचा म्हणजे सँडपेपरच. पाण्याच्या जोराने धूळ आधी सोडवा. मग दोन बादल्या घ्या, एक शॅम्पूच्या पाण्याची, दुसरी नुसत्या पाण्याची. प्रत्येक पत्रा पुसला की फडके आधी साध्या बादलीत खळबळायचे, मग शॅम्पूत बुडवायचे. टपापासून सुरुवात, दाराचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. हात गोल नव्हे, सरळ फिरवा. खाली पडलेले फडके त्या दिवशी पुन्हा गाडीला लावू नका, झटकून कण जात नाहीत.

फडक्याचा तांबडा रंग जात नाही म्हणून ब्लीचमध्ये घालू नका. लोहाचा डाग ब्लीचने उलट पक्का होतो. पाणी शोषत असेल तर तांबडे फडके पांढऱ्याइतकेच चांगले. बोअरवेलच्या पाण्याने पडणाऱ्या पिवळट डागांनाही हेच उत्तर. डोळ्यांना खुपत असेल तर लिंबाच्या रसाच्या पाण्यात तासभर ठेवा.

विहिरीच्या काठावर धुतली तर चालतील? – एक वाचक, पेडणे

विहिरीपासून लांब धुवा. धुताना प्रत्येक वेळी या फडक्यांचे बारीक तुकडे सुटतात आणि ते प्लास्टिकचे असल्यामुळे कुजत नाहीत. जोरात चोळणे आणि फार गरम पाणी यांनी ते जास्त सुटतात, म्हणून नुसती धूळ पुसलेले फडके बाहेर झटका आणि धुणे पुढे ढकला. धुतलेले पाणी दाट विणीच्या जुन्या सुती कापडातून गाळून ओतले तर थोडे तरी अडकते. गाळ कोरडा करून कचऱ्यात, परसातल्या झाडांना नको. खरे सांगायचे तर लादीला जुनी सुती साडी अजूनही चांगली चालते.

चष्म्याबरोबर मिळालेले फडके कधी धुवावे? – एक वाचक, पणजी

आठवड्यातून एकदा, हातानेच, थेंबभर भांड्यांच्या लिक्विडने. काच पुसण्याआधी ती नळाखाली धरा. फडके चष्म्याच्या डबीत ठेवा, खिशात नको. खिशातली धूळ आणि नाण्यांचा कीस त्यात बसतो.