जेट इंजिन ताकदवान होतं, मग विमानवाहू नौकेवर घोडं कुठे अडलं?

तुमचा प्रश्न असा: जेट इंजिन जुन्या पंख्याच्या इंजिनापेक्षा सरस होतं, मग दुसऱ्या महायुद्धानंतर नौदलांना जेट लढाऊ विमानं जहाजावर आणायला इतकी वर्षं का लागली?

ताकद होती हो, पण हवी त्या क्षणी मिळत नव्हती. घोडं पेंड खात होतं ते इथेच.

प्रोपेलरच्या विमानात वैमानिकाला वाटलं की आपण खाली आलोय, तर तो थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारी दांडी) पुढे ढकलायचा आणि प्रोपेलर लगेच पंखांवरून हवा फेकायचा. म्हणजे वेग वाढायच्या आतच उचल मिळायची. सुरुवातीच्या जेटमध्ये थ्रॉटल पुढे ढकलल्यावर इंजिनाला गती पकडायला कित्येक सेकंद जायचे. समोर जहाज असताना कित्येक सेकंद म्हणजे फार झाले. उलट डेकवर पोचल्यावर ताकद कमी केली तर प्रोपेलरवालं विमान धप्पकन खाली बसायचं, जेट मात्र तरंगतच पुढे जायचं. त्यात कमी उंचीवर इंधन भसाभस संपायचं, म्हणजे घिरट्या घालत वाट पाहायचीही सोय नाही.

तरी धाडस झालंच. ६ नोव्हेंबर १९४५ ला अमेरिकेचं रायन फायरबॉल 'वेक आयलंड' नौकेवर उतरलं. त्याच्या नाकावर प्रोपेलर आणि शेपटीत जेट, असा दोन्ही डगरींवर हात होता. उतरताना पुढचं इंजिन बंद पडलं आणि वैमानिकानं जेटवर काम भागवलं. हा अपघात मोजायचा नसेल तर मान ब्रिटिश वैमानिक एरिक ब्राउन यांचा: ३ डिसेंबर १९४५, 'ओशन' नौका, सी व्हॅम्पायर विमान. मी त्यांनाच पहिलं मानतो, कारण ते ठरवून उतरले. अमेरिकेत मॅकडॉनेल फँटमचं पहिलं उड्डाण जानेवारी १९४५ मध्ये झालं, तेही एकाच इंजिनावर, कारण दुसरं तयारच नव्हतं! जुलै १९४६ मध्ये ते 'फ्रँकलिन डी. रूझवेल्ट'वर चढलं.

पण विमानं सुधारून प्रश्न सुटणार नव्हता, जहाजच बदलावं लागणार होतं. तेव्हाचा डेक सरळसोट असायचा: मागे आडव्या ताणलेल्या तारा, पुढे उभी केलेली विमानं, मध्ये अडथळ्याची जाळी. विमानाच्या शेपटीखालचा हुक त्या तारेत अडकला की विमान थांबायचं, एकाही तारेत अडकला नाही तर जाळीत घुसायचं. जेटला पुढे प्रोपेलर नाही, त्यामुळे पोलादी तार नाकावरून घसरत थेट कॉकपिटपर्यंत येण्याची भीती. म्हणून नायलॉनच्या पट्ट्यांची जाळी आली.

ब्रिटिशांनी तर रबरी गादीवर, चाकं बाहेरच न काढता, पोटावर विमान उतरवून पाहिलं. १९४८ मध्ये 'वॉरियर'वर ब्राउन यांनीच ते करून दाखवलं. उतरणं जमलं, पण बिनचाकांचं विमान पुढे हलवायचं कसं? क्रेननं. कल्पना तिथेच संपली.

खरा तोडगा १९५१ मध्ये ब्रिटिश नौदलाचे अधिकारी डेनिस कॅम्बेल यांना सुचला: उतरायची पट्टी थोडी तिरकी करा. मग उभी विमानं वाटेतच येत नाहीत. वैमानिकानं टेकतानाच इंजिन पूर्ण ताकदीवर न्यायचं. हुक चुकला तर सरळ पुन्हा उडून जायचं. म्हणजे इंजिन जागं व्हायला लागणारे ते सेकंद आधीच भरून काढायचे. मला तरी या सगळ्या गोष्टीतली ही सर्वात देखणी युक्ती वाटते. जोडीला कॉलिन मिचेल यांचा वाफेवर चालणारा कॅटापल्ट (विमान डेकवरून जोरात पुढे फेकून उडवणारं यंत्र) आला आणि निकोलस गुडहार्ट यांचा आरसा, ज्यातला दिवा पाहून वैमानिकाला आपण उंच आहोत की खाली ते कळायचं. आरशाची कल्पना म्हणे त्यांनी एका सेक्रेटरीच्या छोट्या आरशावर लिपस्टिकची रेघ ओढून समजावली होती.

आता आपल्याकडची गंमत. आपली जुनी 'विक्रांत' मुळात ब्रिटिशांची 'हर्क्युलिस'. १९४५ मध्ये तिचं जलावतरण झालं, १९४६ मध्ये काम थांबलं आणि ती अर्धवट पडून राहिली. नेमक्या त्याच वर्षांत वरचे सगळे शोध लागले. भारतानं १९५७ मध्ये ती घेतली तेव्हा तिरका डेक, वाफेचा कॅटापल्ट आणि आरसा हे सगळं बसवूनच ती पुरी झाली. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला ती नौदलात दाखल झाली. तिच्यावरची सी हॉक जेट विमानं डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बझार आणि चितगावावर गेली.

गोव्याला गेलात तर दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात एक सी हॉक उभं आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेपटीत जेटचं भोक शोधत बसलो होतो. ते तिथे नाहीच. इंजिनाचा झोत दोन वाटांनी पंखांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना बाहेर पडतो. तुम्ही आधी तिथेच बघा.