आईच्या मापाची बंदूक

परवान्याच्या बंदुका, त्यांची निगा आणि त्यांचा कायदा यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या पानावर उत्तरं देते. या वेळी तीन प्रश्न घेतले आहेत. पहिल्याने बरीच जागा खाल्ली आहे, पण तो प्रश्न मला फार दिवसांपासून कुणीतरी विचारावा असं वाटत होतं.

प्रश्न : ताई, तुम्ही लोकांच्या बंदुकांबद्दल एवढं लिहिता. तुमच्या स्वतःच्या संग्रहातली सगळ्यात लाडकी कोणती? आणि तीच का?
(एक वाचक, प्रतापनगर, नागपूर)

माझ्या परवान्यावर आज दोन बंदुका आहेत. एक बर्मिंगहॅमची दुनळी, मामांकडून आलेली. दुसरी मुंगेरची एकनळी, आईची. दोन्ही बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप). लाडकी म्हणाल तर एकनळी, आणि हे सांगताना मला जराही विचार करावा लागत नाही.

जाणकार माणूस घरी आला की त्याचा हात आधी दुनळीकडे जातो. जायलाच हवा. तिचे दोन्ही घोडे, म्हणजे चाप ओढला की आपटणारे हातोडे, बाहेर आहेत आणि नळ्या दमास्कसच्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून एकजीव केलेल्या. त्यामुळे नळीभर नागमोडी नक्षी दिसते. ती वरून कोरलेली नाही, धातूच्या आतूनच आलेली आहे. नळ्या उतरवून खालची बाजू पाहिली की ‘नॉट फॉर बॉल’ असा ठसा आहे. नळीचं तोंड जरासं आवळलेलं असलं, ज्याला आपण चोक म्हणतो, की तिच्यातून अख्खी गोळी मारू नये, फक्त छर्रे मारावेत, अशी ती सूचना. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसात, म्हणजे नळ्यांची चाचणी होते तिथे, हा ठसा १८७५ ते १८८७ एवढ्याच काळात मारला जाई. तेव्हा कागदपत्र हरवलं तरी बंदूक स्वतःचं वय सांगते. ही नळी काळ्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूसाठी बनलेली, म्हणून आजचं काडतूस मी तिच्यात कधीही घालत नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

एवढी देखणी चीज कपाटात असताना मी एकनळीचं नाव का घेते, ते सांगते.

बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग. आंबिया बहाराचं फळ रंगावर आलं की रात्रीची जागल करावीच लागे. रानडुकरं बुडाशी उकरत, रोही कोवळ्या फांद्या ओरबाडत, आणि पोती घेऊन माणसंही येत. गड्यांच्या भरवशावर काही हंगाम काढले आणि मग आईने स्वतःच्या नावावर बंदुकीचा परवाना मागितला. बाईमाणसाला बंदूक कशाला, असं भावकीत पुष्कळ बोललं गेलं. तिने कुणाशी वाद घातला नाही आणि अर्जही मागे घेतला नाही.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय आहे, आणि ठासणीची पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. आमच्या भागात ज्यांच्याकडे होत्या त्यांच्याकडे भरमारच, म्हणजे ठासणीच्याच, होत्या. आईने काडतुसाची मागितली. तिचं म्हणणं असं, की भर अंधारात, दहिवरात, धुऱ्यावर उभं राहून नळीच्या तोंडातून दारू ओतायची, बोळा ठासायचा, ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, तोवर जनावर अर्धा वाफा उकरून जातं. ते तिने पटवून दिलं आणि परवाना मिळाला.

बंदूक आली मुंगेरची. मुंगेरचं नाव निघालं की हल्ली लोकांना देशी कट्टेच आठवतात, याचं मला वाईट वाटतं. परवाना घेऊन चोख काम करणारे कारागीरही तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बंगालचा नवाब मीर कासीम याने १७६० च्या दशकात राजधानी मुर्शिदाबादेहून मुंगेरला हलवली आणि तिथे शस्त्रांचा कारखाना उभा केला. त्याची व्यवस्था गुर्गिन खान या आर्मेनियन सेनापतीकडे होती. इंग्रजांशी लढायला इंग्रजांच्या तोडीच्या बंदुका हव्यात, हे त्या नवाबाला कळलेलं होतं. आमच्या एकनळीवर नक्षी नाही, ठसेही साधे, पण तिचं कुळ असं जुनं आहे.

मात्र ती आईच्या मापाची नव्हती. चापापासून दस्त्याच्या, म्हणजे मागच्या लाकडी भागाच्या, टोकापर्यंतचं अंतर साधारण चौदा इंच ठेवायची पद्धत आहे, आणि ते उंच पुरुषाच्या हाताला बेतलेलं असतं. आई पाच फुटांना थोडी कमी. दस्ता लांब पडला की तो खांद्याच्या खोबणीत बसत नाही, बगलेत अडकतो आणि मग दंडावर टेकतो. त्यात एकनळी वजनाला हलकी. काडतूस तेच आणि बंदूक हलकी, म्हणजे धक्का जास्त. पहिल्या हंगामात आईचा उजवा दंड काळानिळा असायचा. पदराखाली झाकून ती सकाळी संत्र्यांच्या पेट्या मोजायला उभी राहायची.

मग ती बंदूक घेऊन नागपूरला आली, दुरुस्तीचा परवाना असलेल्या एका वृद्ध कारागिराकडे. मी सोबत होते. बंदूक बंदुकीच्या मापात असते, ती कशी कापायची, असं काही त्यांनी म्हटलं नाही. आईचा कोपर वाकवून दस्त्याचं टोक खोबणीत टेकवलं, बोट चापापर्यंत कुठवर पोचतं ते पाहिलं. हे माप ढोबळ असतं, म्हणून पुढे त्यांनी तिला डोळे मिटून बंदूक पुनःपुन्हा खांद्याला लावायला सांगितली आणि दर वेळी ती कुठे बसते ते बघत राहिले. मग खडूने रेघ मारली. दीड इंच लाकूड गेलं. गालाला लागणारी वरची कडही त्यांनी थोडी तासली, म्हणजे डोळा नळीच्या रेषेत यावा. कापलेला तुकडा त्यांनी फेकला नाही, कागदात गुंडाळून आईच्या हातात दिला. तो आजही परवान्याच्या डब्यात आहे.

त्यानंतर ती बंदूक आईची झाली. पायवाटेने जाताना ती कायम मोडलेली, म्हणजे बिजागरीवर उघडलेली, नळी खाली लोंबती, दंडावर टाकलेली असे, म्हणजे पुढे चालणाऱ्या आम्हा पोरांना लांबूनही दिसावं की ती रिकामी आहे. काडतुसं ओच्यात. ती खडकीच्या आयुध निर्माणीची. त्या वेळी कागदी कवचाची मिळत आणि ओल लागली की फुगून नळीत अडकत, म्हणून घरी डालड्याच्या डब्यात, झाकण घट्ट लावून. बार नेहमी हवेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीशिवाय जनावर मारणं गुन्हाच होता, पण तो कायदा नसता तरी तिने मारलं नसतं. तिला बाग राखायची होती, शिकार करायची नव्हती. आवाज झाला की कळप नाल्यापलीकडे, आणि माणसंही. त्या बागेवर आम्ही तिघं भावंडं शिकलो. मी नागपूरला वसतिगृहात राहिले, त्याची फी संत्र्याच्या पैशांतून जायची, आणि संत्री झाडावर राहायची ती या बंदुकीमुळे.

तुम्ही विचारलेला प्रश्न मला एकदा कायद्यानेच विचारला होता. तेव्हा माझ्याकडे तीन बंदुका होत्या. तिसरी .३१५ बोअरची रायफल, मी हौसेने घेतलेली. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची, ली-एनफिल्ड या जुन्या लष्करी रायफलीच्या धर्तीची. लष्कराच्या .३०३ ला नागरिकांना बंदी, म्हणून ती .३१५ ची काढलेली. नेमाला अतिशय सरस. २०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायदा बदलला. एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका, वारशाने आलेली असली तरी त्या दोनांतच, आणि जास्तीची वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची. ज्यांना ज्यांना सल्ला विचारला त्यांनी एकच सांगितलं : एकनळी द्या. दस्ता कापलेला, मुंगेरची, बाजारात तिला भाव नाही. दुनळीला इतिहास आहे, रायफलीला नेम आहे. मी रायफल दिली.

भावाचं म्हणाल तर त्यांचं बरोबरच होतं. कापलेल्या दस्त्याने बंदुकीची किंमत उतरते. डब्यातला तुकडा परत चिकटवून घ्या, जोड दिसणारही नाही, असं मला एका संग्राहकाने मनापासून सुचवलं. मी ते करणार नाही. बाजारातली प्रत्येक बंदूक कुणातरी अनोळखी, सरासरी माणसासाठी बनते. ही एकच अशी आहे की जिला माझ्या आईच्या हाताची लांबी, मानेचा कल आणि गालाचं हाड ठाऊक आहे. मी तिच्याहून अर्धा फूट उंच. ती खांद्याला लावली की माझा अंगठा नाकाला टेकतो आणि आई केवढी होती ते मला दर वेळी नेमकं कळतं. तिचा जागलीवरचा एकही फोटो नाही.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांच्या नावावरची बारा बोअर त्यांच्या हयातीतच माझ्या नावावर होऊ शकते का?
(एक वाचक, कामठी)

होऊ शकते, आणि लवकर करून घ्या. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, यांतलं जे आधी होईल त्यानंतर ती त्याने ठरवलेल्या कायदेशीर वारसाकडे देता येते. अर्ज तुमच्या नावाने नवा करावा लागतो, बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं लेखी लागतं, आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखलाही. नागपूर शहरात पोलीस आयुक्तांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर जिल्हाधिकाऱ्यांकडे. तुमच्याकडे आधीच दोन बंदुका असतील तर ही तिसरी मिळणार नाही, हे लक्षात घ्या.

परवानाधारक गेल्यानंतर मात्र बंदूक घरात ठेवू नका. तेरावं होऊ द्या, मग बघू, असं बरीच घरं करतात. परवाना त्या माणसाबरोबर संपतो आणि बंदूक विनापरवाना होते. लगेच ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्या, अर्ज त्यानंतर सावकाश करा.

मी स्वतः एकनळी मुलीच्या नावावर करायला घेतली आहे. ती माझ्याहूनही उंच आहे. तिला सांगून ठेवलंय, दस्त्याला रबरी गादी लावून लांबी वाढव, स्वतःच्या मापाची करून घे. लाकडाला मात्र हात लावू नको.

प्रश्न : उन्हाळ्यात बंदूक कोरडी असूनही नळीवर गंज का येतो? आणि खंडेनवमीला पूजा करताना काय काळजी घ्यावी?
(एक वाचक, महाल, नागपूर)

तुमच्या घरात कूलर आहे, म्हणून. आपण बाहेरच्या पंचेचाळीस अंशांकडे बघतो आणि हवा कोरडी आहे असं धरून चालतो. पण एप्रिल ते जून आपल्या खोल्यांत ओल्या खसमधून, गवताच्या जाळ्यांतून गेलेली हवा दिवसरात्र फिरते. पावसाळ्यात आपण सावध असतो, उन्हाळ्यात नसतो, आणि नागपुरात गंज त्याच महिन्यांत चढतो. बंदुकीचं कपाट कूलर नसलेल्या खोलीत हलवा. चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. नळीवर तेलाचा अगदी पातळ हात हवा, थेंब दिसता कामा नये. तेल जास्त झालं की ते उतरून लाकडात मुरतं आणि दस्त्याची मान, जिथे लाकूड सर्वात बारीक असतं, मऊ पडून तडकते. म्हणून बंदूक उभी ठेवायची तर नळीचं तोंड खाली.

लाकडासाठी जवसाचं तेल. आपल्या विदर्भात त्याला काही तोटा नाही. चार थेंब तळहातावर घेऊन लाकूड गरम लागेपर्यंत चोळा, दोन दिवस वाळू द्या, मग पुन्हा. एकदम थापलं तर चिकट राहतं आणि धूळ धरतं. तेल पुसलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. अशी चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

काळी दारू किंवा फार जुनी टोपी वापरली असेल तर तेलाने भागत नाही. त्यांचा मागे राहणारा क्षार पाणी ओढतो आणि तेलात विरघळत नाही. आधी नळीत कढत पाणी, मग कोरडं कापड, मग तेल.

खंडेनवमीला हळदकुंकू जरूर वाहा, आमच्याकडेही वाहतात. पण ओलं बोट नळीला लावू नका, लाकडाला लावा आणि त्याच संध्याकाळी पुसून काढा. झेंडूचा हार पोलादावर रात्रभर राहू देऊ नका. पूजेला मांडण्याआधी बंदूक मोडून नळीतून उजेड बघा, नेहमी रिकामी असते म्हणून गृहीत धरू नका. आणि दसऱ्याचा म्हणून बार काढू नका. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात, लोकांचा जीव धोक्यात येईल असा केलेला गोळीबार स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.