‘तिकडून आल्यापासून तो आमच्यात नाही’

मी समुपदेशक. गणपती उठले की माझ्याकडे एक ठरावीक तक्रार यायला लागते. कधी आईवडील येतात, कधी मुलगा किंवा मुलगी एकटीच येते. आईवडील म्हणतात, “मेळघाटात दहा दिवस जाऊन आला आणि तेव्हापासून तो आमच्यात नाही.” मुलं म्हणतात, “घरात चैन पडत नाही. जेवताना घास अडकतो.” बाबा आमटेंच्या सोमनाथ प्रकल्पातल्या श्रमसंस्कार छावणीहून परतलेलीही काही मुलं जूनमध्ये येतात, पण त्यांचं प्रकरण सौम्य असतं. तिथे घाम गाळलेला असतो, गाणी म्हटलेली असतात, मित्र जोडलेले असतात. पावसाळ्यात मेळघाटात गेलेली मुलं मात्र आजारी बाळं बघून आलेली असतात.

पावसाळाच का, तर धारणी आणि चिखलदरा या मेळघाटातल्या दोन तालुक्यांत जुलै ते सप्टेंबर हे सगळ्यात वाईट दिवस. घरातलं धान्य तळाला गेलेलं, आई दिवसभर शेतात, जुलाब आणि न्यूमोनियाचा जोर, त्यात नाल्याला पूर आला की दवाखान्याची वाट बंद. नेमके हेच महिने निभावून न्यायला बाहेरची माणसं लागतात. पुण्याची ‘मैत्री’ संस्था १९९७ पासून याच विचाराने पावसाळ्यात धडक मोहीम घेत आली आहे. शहरातले स्वयंसेवक तुकड्यातुकड्यांनी जातात, गावात राहतात, घरोघर फिरतात. इतरही संस्था असं काम करतात. अशाच एका मोहिमेहून परतलेल्या मुलाची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्याची परवानगी आहे.

वय सव्वीस, हिंजवडीत नोकरी. पहिल्या दिवशी आईच बोलली. “मॅडम, सेवेला जाऊ दिलं हा आमचा गुन्हा झाला का हो? सोफ्याचं कापड बदलायचं म्हटलं, तर म्हणतो तेवढ्यात तिथलं एक घर चार महिने जेवेल. चटईवर झोपतो. गोड बंद. दिवाळीचा विषय काढायची सोय नाही. यांच्या साठीला हॉटेलात गेलो, तर हा बाहेर पायरीवर बसून राहिला.” वडील बँकेतून निवृत्त झालेले. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

त्यात भर म्हणून आईने त्याला सोसायटीच्या गणपतीत अनुभव सांगायला उभं केलं होतं. टाळ्या झाल्या. नंतर एका काकांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, “चिखलदऱ्याला रिसॉर्ट कुठलं चांगलं रे?” तेव्हापासून तो सोसायटीत कोणाशी बोलत नव्हता. (पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. परतलेल्या मुलाला लगेच माइकसमोर उभं करू नका. त्याला ऐकणारं एक माणूस हवं असतं, सभा नको असते.)

तो एकटा बोलायला लागला तेव्हा कळलं, की सोफा आणि हॉटेल हे सगळं वरवरचं होतं. हरिसालच्या पुढच्या एका गावात त्याला बाळांचे श्वास मोजायला शिकवलं होतं. बाळ शांत असताना पोटावरचं कापड वर करायचं, मोबाइलवर एक मिनिट लावायचं आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा आकडा ५० किंवा जास्त आला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. शेवटच्या दिवसांत एका सात महिन्यांच्या बाळाचे त्याने ५८ मोजले. पुन्हा मोजले, पुन्हा तेवढेच. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती. आई दवाखान्यात यायला तयार नव्हती, घरात अजून दोन लेकरं होती आणि भुमकाचा, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूचा, उपचार सुरू होता. गावातल्या आशाताईंनी, म्हणजे तिथल्या आरोग्य कार्यकर्तीने, तिच्याशेजारी बसून तिथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेत समजूत काढली. संध्याकाळी जीप मिळाली आणि बाळ धारणीला गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी याची तुकडी परत निघाली.

“मी निघून आलो,” तो म्हणाला. “ते बाळ तिकडे आणि मी इकडे पिझ्झा खायचा?”

“बाळ आता कसं आहे?”

“माहीत नाही.”

“आशाताईंचा नंबर आहे?”

“आहे.”

“फोन केलास?”

“नाही.”

मी काही बोलले नाही. खोलीतली अशी शांतता लगेच भरून काढायची नसते. नव्या समुपदेशकांना मी हेच पुन्हापुन्हा सांगते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “गेलं असेल तर?”

सहा आठवडे तो त्या बाळासाठी गोड खात नव्हता आणि बाळाची चौकशी मात्र करत नव्हता. बातमी ऐकण्यापेक्षा गोड सोडणं त्याला सोपं होतं. मी एवढंच म्हटलं, “म्हणजे गोड सोडलंस ते फोन करावा लागू नये म्हणून.” त्याला राग आला. त्या दिवशी तो वेळेआधी उठून गेला. मला काळजी वाटली नाही. रागावून गेलेला माणूस घरी जाऊन विचार करतो.

इथे माझी वाट सांगून टाकते. मी ॲडलरला मानते. व्हिएन्नाचा हा डॉक्टर १९११ मध्ये फ्रॉइडच्या वर्तुळातून बाहेर पडला. त्याआधी, १८९८ मध्ये, त्याने शिवणकाम करणाऱ्या कारागिरांच्या आजारांवर एक पुस्तिका लिहिली होती. आजाराची मुळं त्यांच्या कामाच्या आणि कमाईच्या परिस्थितीत आहेत, असं त्यात दाखवलं होतं. म्हणजे गरिबी बघून अस्वस्थ होणं काय असतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरी अपराधीपणाकडे तो संशयाने बघायचा. एखादी भावना माणूस महिनोन्‌महिने जपून ठेवतो, तेव्हा ती त्याच्यासाठी काहीतरी काम करत असते, असं त्याचं म्हणणं. म्हणून ‘हे का होतंय’ यापेक्षा ‘याने काय साधतंय’ हे मी आधी विचारते. हा प्रश्न नेमका कधी टाकायचा, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. लवकर टाकला तर अपमान वाटतो आणि उशिरा टाकला तर माणूस त्या दुःखाचा संसार थाटून बसतो.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी विचारलं, “तू गोड खात नाहीस, चटईवर झोपतोस. याचा फायदा कोणाला होतो?”

“कोणालाच नाही.”

“घाई करू नकोस. काहीच फायदा नसता तर एवढे दिवस टिकलं नसतं.”

“त्या गावाला तर नाहीच.”

“ते आपल्याला माहीत आहे. इथे, घरात?”

त्याने उत्तर दिलं नाही. आठवड्याने आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, “घरात मी कायम बरोबर असतो.”

मग तो बराच वेळ बोलत राहिला. वडिलांनी आयुष्यभर त्याचा हिशोब काढला होता. मार्क किती, पॅकेज किती, फ्लॅट कधी. मेळघाटातून आल्यापासून पहिल्यांदा वडील त्याच्यासमोर गप्प बसत होते. सोफ्याच्या कापडावर आई त्याची परवानगी घेत होती. दहा दिवसांत त्याला घरात असं आसन मिळालं होतं की त्यावरून उतरणं जिवावर येत होतं. हे त्याने स्वतः शोधून आणलं, मी फक्त जागा दाखवली होती. पण खरं सांगायचं तर ते वाक्य ऐकून मला मनातून फार बरं वाटलं. वर्षातून दोन-तीनदाच असं वाक्य कानावर पडतं.

गैरसमज नको म्हणून सांगते. त्याची कळकळ खोटी नव्हती. ५८ श्वास मोजताना हात थरथरले, ते खरंच थरथरले. पण त्या खऱ्या कळकळीला घरातल्या जुन्या हिशोबाने कामाला जुंपलं होतं, आणि दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय कळकळ मोकळी होणार नव्हती.

फोन त्याने त्याच आठवड्यात लावला. लागेना. त्या गावात रेंज एका चढावर गेलं तरच मिळते. तीन-चार दिवसांनी आशाताईंचाच फोन आला. तो ऑफिसच्या कॅंटीनमध्ये होता. तिने काय सांगितलं ते त्याने मला जसंच्या तसं ऐकवलं, तिच्या हिंदीत: “बच्चा ठीक है भैया, घर आ गया. वो वजन की चिट्ठी आपके पास रह गई क्या? मेरे रजिस्टर में पाँच बच्चों का खाली है.”

चिठ्ठी त्याच्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात होती, पावसाने चिकटलेली. पाच बाळांची वजनं आणि दंडाचे घेर, त्यातल्या एकाचा ११.२ सेंटिमीटर. साडेअकराच्या आत म्हणजे अतितीव्र कुपोषण. आशाताईंनी त्या बाळाला पुन्हा मोजलं होतं, ग्राम बाल विकास केंद्रात घेतलंही होतं. पण आधीचा आकडा नसल्यामुळे ते सुधारतंय की घसरतंय हे तिला नीट कळत नव्हतं.

“मॅडम, ती मला रागावलीसुद्धा नाही,” तो म्हणाला. “तिला फक्त चिठ्ठी हवी होती.”

त्यालाही हसू आलं आणि मलाही. आपण निघालो तेव्हा गाव तिथेच थांबलं, असा त्याचा समज होता. गाव कशाला थांबतंय! त्याच्यानंतर दुसरी तुकडी आली, आशाताई रोज फिरतच होती. बाळाच्या आईला तिने त्याच्या आधीही समजावलं होतं आणि नंतरही तिनेच सांभाळलं. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत हेच सिद्ध करून दाखवलं. गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. बाळं वाचवते ती गावात राहणारी बाई. बाहेरून आलेल्याने तिचा भार थोडा हलका करायचा आणि जाताना तिची वही पूर्ण करून द्यायची. ही जागा छोटी वाटते खरी. पण ती एकदा मान्य केली की छातीवरचं ओझंही तेवढंच छोटं होतं.

आता जे विचारतात त्यांच्यासाठी. परतल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जड जाणारच. ज्याला काहीच वाटत नाही त्याचीच मला जास्त काळजी वाटते. पण ती अस्वस्थता घरच्यांच्या ताटावर काढू नका. तिथल्या कोणाला तरी फोन करा आणि ‘तुमची फार आठवण येते’ म्हणण्याऐवजी ‘माझ्याकडून काही राहिलंय का’ असं विचारा. बहुतेक वेळा काहीतरी राहिलेलंच असतं. पैसे द्यायचे तर दरमहा थोडे द्या. दिवाळीत भावनेच्या भरात एकदम दिलेल्या रकमेपेक्षा संस्थांना दरमहा येणारे पैसे जास्त उपयोगी पडतात. आणि ‘नोकरी सोडून कायमचा तिकडे जातो’ असं मनात आलं, तर आधी मोहीम नसताना जाऊन या. दिवाळीनंतर निम्मी घरं मजुरीसाठी बाहेर गेलेली असतात तेव्हा जा, उन्हाळ्यात पाण्यासाठी रांग असते तेव्हा जा. होळीलाही जा. कुठेही गेलेला कोरकू माणूस होळीला घरी परततो, आणि तुमच्याकडून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, वसूल केल्याशिवाय पुढे सोडत नाही. ज्यांची तुम्हाला कीव येत होती ती माणसं तेव्हा तुमची चेष्टा करतात. ते एकदा अनुभवा, मग राजीनामा लिहा.

आईवडिलांनी ‘आता पुरे’ म्हणू नये, वादही घालू नये. पंख्याखाली झोपणं पाप आहे की नाही, यावर घरात परिसंवाद भरवायचं कारण नाही. साधे प्रश्न विचारा. कोणाच्या घरी जेवलास? भाकर मक्याची होती का? त्या घरातल्या म्हाताऱ्या काय म्हणत होत्या? अशा प्रश्नांनी गरिबीच्या चित्राऐवजी माणसं आठवायला लागतात आणि मुलं बोलती होतात. मात्र झोप उडाली असेल, महिना उलटूनही काम होत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं निघत असेल, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं.

त्या मुलाच्या घरात पुढे काय झालं, तर चिठ्ठी पाठवताना त्याने वडिलांना विचारलं, “बाबा, हे रकाने नीट आखून द्याल का? पुढच्या तुकडीला लागेल.” चाळीस वर्षं लेजर सांभाळलेला माणूस! दोन दिवस बसून त्यांनी असा तक्ता केला, की एक प्रत आशाताईंकडे राहते आणि एक स्वयंसेवकाकडे. कार्बन पेपर कुठे मिळतो, हे त्यांनाच माहीत होतं.

परवा आईचा फोन आला होता. सोफ्याचं कापड बदललं म्हणाल्या. मग जरा आवाज खाली करून, “पण मॅडम, पुढच्या पावसाळ्यात परत जायचं म्हणतोय. त्याच गावात. पाठवू का?”

“पाठवा,” मी म्हटलं. “निघताना एवढं विचारा, की मागच्या वेळच्या पाच बाळांची वजनं आता किती आहेत. ती सांगता आली, तर अजिबात अडवू नका.”