‘मुलांना सोडून आले, हे माझे चुकले का?’

परदेशात वर्षभर लहान मुलांना शिकवून परतलेले तरुण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात आधी नोकरीचा, लग्नाचा आणि पैशाचा विषय निघतो. थोडा वेळ शांतपणे ऐकून घेतले की मनातला खरा प्रश्न वर येतो आणि तो बहुतेकांचा सारखाच असतो: ‘त्या मुलांना एवढा लळा लावला आणि निघून आलो, यात त्यांचे नुकसान तर झाले नाही ना?’ घरातली माणसे हा प्रश्न हसून उडवून लावतात, कारण मुले आपली नसतात, देश आपला नसतो आणि काम पगारी असते. मला मात्र हा प्रश्न गंभीर वाटतो. म्हणून ठाण्यातल्या एका मुलीची हकीकत तिच्या संमतीने, तिचे नाव आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून, येथे मांडत आहे.

तिला मृण्मयी म्हणू. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती ऐरोलीतल्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करत होती. ते काम तिला जमत होते, पण आवडत नव्हते. इंग्रजी शिकवण्याचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम तिने रात्री जागून पूर्ण केला आणि बँकॉकजवळच्या एका शाळेच्या शिशुवर्गात एक वर्षाच्या करारावर ती रुजू झाली. थायलंडमध्ये शैक्षणिक वर्ष मेच्या मध्याला सुरू होऊन मार्चमध्ये संपते, त्यामुळे ती ऐन उन्हाळ्यात गेली आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर घोडबंदर रोडवरच्या आपल्या घरी परतली. पहिले काही आठवडे कौतुकात गेले. पावसाळा सुरू झाल्यावर तिची आई तिला माझ्याकडे घेऊन आली. ‘मॅडम, ही खोलीबाहेर येत नाही, कुणी पाहुणे आले तर बोलत नाही, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर त्या पोरांचे फोटो बघत बसते,’ असे आईने सांगितले आणि हलक्या आवाजात विचारले, ‘तिकडे काही वाईट तर घडले नसेल ना?’

तसे काही घडलेले नव्हते. तरीही अशा वेळी मी घाईने धीर देत नाही. झोप, भूक, रोजच्या कामातला रस, स्वतःबद्दलचे विचार यांची नीट चौकशी करते आणि जगणे नकोसे वाटते का, हेही स्पष्ट शब्दांत विचारते. असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यामुळे उलट बोलण्याची वाट मोकळी होते. मृण्मयीची झोप तुटत होती, पण ती जेवत होती, आवडीच्या गोष्टींत थोडा वेळ तरी रमत होती आणि मरणाचा विचार तिच्या मनात नव्हता. तसा विचार असता किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसते, तर मी तिला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते. वाचकांपैकी कुणाची अवस्था तशी असेल, तर १४४१६ या ‘टेली-मानस’च्या शासकीय क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते.

दुसऱ्या भेटीत मूळ गोष्ट समोर आली. वर्ष संपण्याआधी शाळेच्या व्यवस्थापनाने तिला सांगितले होते की आपण जाणार असल्याचे मुलांना सांगू नये, कारण मुले रडतात आणि मग पालकांच्या तक्रारी येतात. त्यामुळे शेवटच्या दिवशीही तिने रोजच्याप्रमाणे गाणी म्हटली, चित्रे रंगवून घेतली आणि ‘उद्या भेटू’ अशाच सुरात निरोप घेतला. मे महिन्यात नवे सत्र सुरू झाल्यावर तिथल्या सहकारी शिक्षिकेने तिला प्रेमाने एक छोटी चित्रफीत पाठवली. तिच्या वर्गातली चार-पाच वर्षांची एक मुलगी नव्या वर्गाच्या दाराशी उभी राहून आत डोकावत होती आणि ‘टीचर’ कुठे आहे असे विचारत होती. मृण्मयीने ती चित्रफीत किती वेळा पाहिली असेल याची गणती नव्हती. ‘ती मला शोधत होती, आणि मी तिला फसवून आले,’ हे वाक्य तिने माझ्यासमोर उच्चारले तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणाने रडली.

‘तू काही फसवले नाहीस’ असे म्हणून हा विषय मिटवणे सोपे होते. पण तिच्या बोलण्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या होत्या आणि त्या सुट्या करणे आवश्यक होते. आपण निघून आलो, ही एक गोष्ट. आणि न सांगता निघून आलो, ही दुसरी.

पहिल्या गोष्टीसाठी मी तिला त्या वर्गातला एक संपूर्ण दिवस बारकाईने सांगायला लावला. सकाळी आठला ध्वजवंदन आणि राष्ट्रगीत, वर्गाबाहेर ओळीने काढून ठेवलेले छोटे बूट, दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांचे एकत्र दात घासणे, मग चटयांवर झोप, आणि संध्याकाळी न्यायला आलेल्या आज्या. ती सांगत गेली आणि सांगता सांगता तिच्याच लक्षात आले की यातले तिचे काम सकाळच्या इंग्रजीच्या तासांचे आणि खेळाचे होते. दिवसभर मुलांबरोबर असणारी, त्यांना भरवणारी, झोपवणारी, पडल्यावर उचलणारी थाई वर्गशिक्षिका तिथेच होती आणि घरी आई, वडील, आजी होत्या. इंग्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मुलांच्या भावबंधांविषयी जे मांडले, त्यात हा मुद्दा महत्त्वाचा आहे: मूल एकापेक्षा अधिक माणसांशी जोडले जाते, पण त्या नात्यांत क्रम असतो आणि संकटाच्या वेळी ते आपल्या सर्वांत जवळच्या माणसाकडे धाव घेते. जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने गेल्या शतकाच्या मध्यापासून आईपासून दुरावलेल्या लहान मुलांची जी निरीक्षणे केली, त्यांतूनही हेच दिसले की सतत बदलणाऱ्या अनोळखी हातांमध्ये सोपवलेले मूल खचते, तर ओळखीच्या, मायेच्या एका माणसाची सोबत मिळालेले मूल दुःख करूनही सावरते. आवडत्या शिक्षिकेचे जाणे मुलाला दुखवते, यात शंका नाही. पण बाकीची माणसे जागेवर असतील तर तेवढ्याने ते मोडून पडत नाही. त्या मुलीने दाराशी उभे राहून टीचर कुठे आहे असे विचारले, हेही माझ्या मते चांगले लक्षण होते. मोठ्या माणसांकडून उत्तर मिळेल असा विश्वास ज्या मुलाला असतो, ते मूल विचारते.

दुसऱ्या गोष्टीबाबत मात्र मी मृण्मयीशी सहमत होते. मुलांना सांगायला हवे होते. ते तिच्या एकटीच्या हातात नव्हते, हे खरे. पण न सांगणे योग्य होते असे मी तिला म्हटले नाही, कारण ते मला मान्य नाही. आपल्याकडेही आई कामावर निघताना मुलाला खेळण्यात गुंतवून मागच्या दाराने जाते आणि घरातले त्याला शहाणपणा म्हणतात. त्यात मुलाचे रडणे आपल्याला पाहावे लागत नाही, एवढाच लाभ आहे आणि तो मोठ्यांचा आहे. मुलाच्या हाती मात्र एवढेच राहते की माणसे कधीही, न सांगता नाहीशी होऊ शकतात. शिवाय या वयातली मुले घडणाऱ्या गोष्टींचे कारण सहज स्वतःत शोधतात. मी मस्ती केली म्हणून टीचर गेली, असे मुलाला वाटू शकते आणि ते बोलून दाखवीलच असे नाही.

म्हणून ज्यांचे वर्ष अजून संपायचे आहे, त्यांच्यासाठी येथे थोडे सविस्तर लिहिते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना महिनाभर आधी सांगण्यात अर्थ नसतो, कारण ‘पुढच्या महिन्यात’ म्हणजे काय हे त्यांना कळत नाही. आणि शेवटच्या दिवशी सांगितले तर त्यांना प्रश्न विचारायला वेळ उरत नाही. आठ-दहा दिवस आधी सांगावे आणि ते दिवस डोळ्यांना दिसतील असे करावे. भिंतीवर कागदी कड्यांची साखळी लावून रोज एक कडी काढली तरी पुरते. कुठे जाणार, का जाणार, नंतर वर्गात कोण येणार आणि तुमच्यामुळे मी जात नाही, एवढे साध्या वाक्यांत आणि शक्य असेल तर मुलांच्या भाषेत, वर्गशिक्षिकेच्या तोंडूनही सांगावे. मुले रडली तर रडू द्यावीत. आपल्याही डोळ्यांत पाणी आले तर लपवू नये, मात्र मुलांनी आपली समजूत काढावी अशी वेळ आणू नये. ‘मी लवकर परत येईन’, ‘दर रविवारी फोन करीन’ अशी आश्वासने, पाळता येतील याची खात्री नसेल तर, देऊ नयेत. असे वचन आपल्याला निघताना हलके करते आणि वाट पाहण्याचे ओझे मुलावर टाकते.

मृण्मयीच्या बाबतीत ही वेळ निघून गेली होती, तरी सगळेच हातचे गेले नव्हते. आता उशिराने निरोप द्यावा का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. सावरलेल्या मुलांना पुन्हा आठवण करून देऊन आपण केवळ स्वतःचे मन हलके करत आहोत का, अशी शंका तिनेच उपस्थित केली आणि ती रास्त होती. शेवटी ठरले ते असे की निर्णय मुलांना रोज पाहणाऱ्या वर्गशिक्षिकेने घ्यावा. त्या बाईंनी होकार दिला. मृण्मयीने एका मिनिटाचा संदेश तयार केला: मी माझ्या घरी, माझ्या आईबाबांजवळ आहे, इथे खूप पाऊस पडतो, तुमच्याबरोबर मला फार आनंद झाला, मी आता तुमच्या शाळेत येणार नाही, तुमची नवी टीचर तुम्हाला शिकवील. ‘येणार नाही’ हे शब्द रेकॉर्ड करताना तिचा आवाज पुन्हा पुन्हा अडखळत होता, आणि ते वाक्य वगळू का, असे तिने मला विचारले. मी नको म्हटले, कारण सगळ्या संदेशाचे प्रयोजन त्या वाक्यातच होते. तिकडून उत्तर आले की मुलांनी संदेश दोनदा ऐकला, पावसाबद्दल विचारले आणि मग ती खेळायला गेली. हे वाचून मृण्मयी आधी दुखावली आणि नंतर, माझ्या मते बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच, सैलावली.

यानंतर तिच्या स्वतःच्या दुःखाकडे वळता आले. तोवर ती सगळे दुःख मुलांच्या नावावर मांडत होती. जून महिन्यात तिथे गुरुवंदनेचा दिवस असतो. त्या दिवशी मुले फुलांच्या तबकात दूर्वा आणि वांग्याची फुले घेऊन शिक्षकांसमोर गुडघे टेकतात. गणपतीला वाहायच्या दूर्वा एवढ्याशा हातांत धरून आपल्यासमोर वाकलेली मुले पाहून ती त्या दिवशी हरखून गेली होती. ‘तिथे मी कुणीतरी होते, इथे मी नोकरी सोडलेली मुलगी आहे,’ असे ती म्हणाली. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही अशा दुःखाची मांडणी केली, ते हेच. कुणी गेलेले नसते, त्यामुळे भेटायला कुणी येत नाही आणि माणूस आपल्याच दुःखाची लाज बाळगू लागतो. त्यातच मायदेशी परतल्यावरचा परकेपणा भर घालतो. परदेशात गेल्यावर मनाची होणारी उतरण आणि चढण घरी परतल्यावर पुन्हा एकदा घडते, हे जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते. ही दुसरी उतरण अधिक गोंधळात टाकते, कारण आपल्याच घरात परके वाटेल याची तयारी कुणी केलेली नसते.

एका भेटीला मी तिच्या आईवडिलांना बोलावले. ‘एका वर्षाची तर गोष्ट होती’, हे वडिलांचे वाक्य घरात रोज उच्चारले जात होते. मी त्यांना सल्ला दिला नाही, फक्त मृण्मयीला मुलांचे फोटो दाखवून एकेकाबद्दल सांगायला सांगितले. वडील मध्येच विचारू लागले, हा इतका बारीक का, याला भावंडे आहेत का. परतल्यानंतर त्या घरात मुलांविषयीचे असे बोलणे पहिल्यांदाच झाले होते.

पुढचा प्रश्न व्यावहारिक होता. नोव्हेंबरच्या सत्रासाठी त्या शाळेने तिला परत बोलावले होते आणि ऐरोलीचे कार्यालयही परत घ्यायला तयार होते. अशा वेळी मी एकच गोष्ट तपासायला सांगते: परत जायची ओढ त्या मुलांची आहे की त्या कामाची? ती मुले आता वरच्या वर्गात गेली होती. ती वर्गात त्याच जागी बसून तिची वाट पाहत असतील, हे चित्र तिला सोडावे लागले. काम मात्र इथेही होते. बालशिक्षण म्हणजे परदेशातले काहीतरी, असे तिच्या मनात बसले होते, आणि हे ठाण्याच्या मुलीने मानावे याचे मला वाईट वाटले. ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभे केले, ते २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत याच ठाणे जिल्ह्यात होते. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा विचार तिथेच रुजला. मृण्मयी एका रविवारी कोसबाडला जाऊन आली आणि नंतर घराजवळच्या एका बालवाडीत शनिवारी मदतीला जाऊ लागली. इथली मुले तिला ‘टीचर’ न म्हणता ‘ताई’ म्हणतात आणि पहिल्याच दिवशी एकाने तिच्या ओढणीला हात पुसले, हे तिने मला हसत सांगितले.

तिने आता ऐरोलीची नोकरी पुन्हा धरली आहे आणि पुढील वर्षी डी.एल.एड.ला प्रवेश घेण्याचे ठरवले आहे. थायलंडमध्ये तिला पदवीच्या आधारे तात्पुरत्या परवानगीवर शिकवता आले, पण इथे पहिली ते पाचवीसाठी ती दोन वर्षांची पदविका लागते. प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तिच्या वडिलांना हा निर्णय अजून पूर्णपणे पटलेला नाही. लहान मुलांच्या शिक्षिकांना आपल्याकडे मिळणारा पगार पाहता त्यांची काळजी मला अवास्तव वाटत नाही, आणि ते मी मृण्मयीलाही सांगितले आहे. दोन वर्षांच्या शुल्कासाठी ती पगारातून पैसे बाजूला ठेवते आहे आणि त्याचा हिशेब तिने वडिलांनाच पाहायला दिला आहे.