फ्री एजन्सीत पैसे कुठे घालायचे, विचारलंस म्हणून

अगं,

तुझा मेसेज वाचला, मग तुमच्या एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, असाइनमेंटची ती शीट उघडली आणि खरं सांगायचं तर वैतागलो. तुझ्यावर नाही, तुझ्या ग्रुपवर. मागच्या सीझनला पाच मॅच जिंकलेली टीम, हातात ९० मिलियन डॉलरची कॅप स्पेस, म्हणजे पगाराच्या मर्यादेत उरलेली जागा, आणि तुमच्या त्या पोरांनी पहिल्याच दिवशी तीन नावांवर बहुतेक सगळे उडवून टाकले, आणि तू "मला हे पटत नाहीये" म्हटलंस तर तुला भित्री म्हणाले. आणि तू मला विचारतेयस की काका, मी खरंच भित्री आहे का. ते सोड गं. तुझा स्वभाव कसा आहे हा विषयच नाहीये, पैसे कुठे जातायत हा विषय आहे, आणि तिथे तुझंच बरोबर आहे, फक्त तुला ते मांडता येत नाहीये. म्हणून लिहितोय.

एकच गोष्ट सांगणारे आणि तीच परत परत सांगणारे, कंटाळलीस तरी. आधी घर, म्हणजे आपलेच घडवलेले खेळाडू, मग बाजार, म्हणजे फ्री एजन्सी. एनएफएलमध्ये १९९३ पासून खुली फ्री एजन्सी आहे, काँट्रॅक्ट संपलेला खेळाडू हवा तिथे जाऊ शकतो, १९९४ पासून कॅप आहे, म्हणजे टीमच्या एकूण पगाराला मर्यादा, आणि या एवढ्या वर्षांत जी टीम बाजारातनं घर बांधायला गेली ती बहुतेक वेळा तोंडावर आपटली, आणि तरी दर मार्चला कुणीतरी तेच करतं आणि टीव्हीवाले त्यांना "ऑफसीझन विनर" म्हणतात.

तुझ्या ग्रुपमधल्या त्या मुलाचं म्हणणं की कॅप जवळपास दरवर्षी वाढते, १९९४ ला ३४.६ मिलियन होती आणि २०२५ ला २७९.२ झाली, मग आज जास्त दिले तरी उद्या स्वस्तच वाटेल. अरे पण कॅप काय तुझी एकटीची वाढते का? बत्तीसच्या बत्तीस टीमची वाढते. त्यामुळे बाजारातला भावही वाढतो. त्याला एवढंच विचार.

आता बाजारात माल येतो कसा ते बघ, कारण सगळं त्याच्यात आहे. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा खेळाडू मार्चमध्ये मोकळा झाला, म्हणजे काय झालं? ज्यांनी त्याला चार वर्षं रोज प्रॅक्टिसला बघितलं, ज्यांच्या डॉक्टरांकडे त्याच्या गुडघ्याचे सगळे एमआरआय आहेत, ज्यांना माहितीये की तो हरल्यावर कसा वागतो, त्यांनी त्याला जाऊ दिलंय. कधी पैसे नसतात म्हणून, कधी त्याच जागी दुसरा तयार असतो म्हणून, आणि कधी त्यांना काहीतरी माहीत असतं जे तुला माहीत नाही. आणि तो तुला मिळतो कधी, तर बाकीच्या एकतीस टीमपेक्षा तू जास्त आकडा बोललीस तेव्हा. म्हणजे त्याला सगळ्यात कमी ओळखणाऱ्यांनी सगळ्यात जास्त पैसे द्यायचे. ह्याला हिंमत म्हणतात होय?

२००९ चं वॉशिंग्टन आठवतं मला. बाजार उघडून काही तास झाले नव्हते आणि अल्बर्ट हेन्सवर्थला ७ वर्षं, १०० मिलियनचं काँट्रॅक्ट. पुढच्या वर्षी कॅम्पमध्ये तो पळण्याच्या टेस्टमध्ये नापास होत राहिला आणि २०११ ला त्याला ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटणीतल्या, पाचव्या राउंडच्या एका पिकसाठी (निवडीच्या हक्कासाठी) दुसऱ्या टीमला देऊन टाकला. आणि माझे न्यूयॉर्क जायंट्स. २०२१, रिसीव्हर केनी गॉलडे, ४ वर्षं ७२ मिलियन, त्यातले ४० हमीचे, म्हणजे काढला तरी द्यायचेच. दोन सीझनमध्ये टचडाउन किती? एक. आमच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये बसून हे बघितलंय मी, थंडीत, तिकिटाचे पैसे देऊन.

पण तुझ्या प्रेझेंटेशनला ह्यापेक्षा चांगलं उदाहरण देतो, फिलाडेल्फियाचं. जायंट्सचा माणूस असून ईगल्सचं कौतुक करतोय, म्हणजे मनापासूनच करत असणार हे समजून घे.

२०११ चा उन्हाळा. लॉकआउट, म्हणजे मालक आणि खेळाडूंच्या वादातली टाळेबंदी, संपला आणि ईगल्सने बाजार अक्षरशः लुटला. नामदी असोमुआ, लीगमधल्या सगळ्यात भारी कॉर्नरबॅकपैकी एक, ५ वर्षं ६० मिलियन. जेसन बेबिन, कलन जेंकिन्स, बॅकअप क्वार्टरबॅक म्हणून व्हिन्स यंग, आणि त्याच यंगने "ड्रीम टीम" म्हटलं आणि ते नाव त्यांच्या मानगुटीवर बसलं. सीझन संपला ८-८. प्लेऑफ नाही. असोमुआला २०१३ च्या मार्चमध्ये काढला. आणि त्याच २०११ ला, ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, त्यांनी ड्राफ्टच्या सहाव्या राउंडमध्ये एक सेंटर, म्हणजे पुढच्या ओळीतला मधला ब्लॉकर, घेतला होता. जेसन केल्सी. तो तेरा सीझन खेळला. एकाच ऑफिसमध्ये एकाच वर्षात घेतलेले दोन निर्णय. एकावर सगळ्या देशाचे कॅमेरे, दुसऱ्यावर एकही नाही. हे दोन्ही एका स्लाइडवर शेजारी शेजारी टाक आणि काही बोलू नकोस, पोरं आपोआप गप्प बसतील.

आता तुझा तो मित्र म्हणणार सेक्वॉन बार्कली, आमच्या जायंट्सचा जुना रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा. म्हणणारच, मला पण सगळे तेच म्हणतात. २०२४ च्या मार्चमध्ये ईगल्सने बाजारातनंच घेतला की, ३ वर्षं, ३७.७५ मिलियन, पहिल्याच सीझनला २००५ यार्ड धावला आणि वर सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकली. हो, बरोबर आहे. पण तो धावला कुणाच्या मागून, वाट काढून देणारे ते ओळीतले पाच जण कोण, ते बघ ना बाबा! लेफ्ट टॅकल जॉर्डन मायलाटा, ऑस्ट्रेलियात रग्बी खेळणारा पोरगा, आयुष्यात अमेरिकन फुटबॉलची एक मॅच खेळला नव्हता, २०१८ ला सातव्या राउंडमध्ये घेतला आणि घडवला. राइट टॅकल लेन जॉन्सन, २०१३ चा पहिला राउंड. लँडन डिकरसन आणि कॅम जर्गन्स, दोघं दुसऱ्या राउंडचे. पाचातले चार घरचे, आणि पाचवा मेकाय बेक्टन, एका वर्षाच्या स्वस्त काँट्रॅक्टवर. शिवाय त्याच वसंतात बार्कलीच्या आगेमागेच डिकरसन, मायलाटा आणि डिव्हाँटा स्मिथ या घरच्यांची एक्स्टेन्शन्स, म्हणजे काँट्रॅक्ट वाढवून देणं, उरकली, ती बार्कलीपेक्षा कितीतरी मोठी. घर उभं होतं, मग बाजारात गेले. आणि जनरल मॅनेजर कोण? हावी रोझमन. २०११ ला पण तोच होता. माणूस तोच, क्लब तोच, फक्त क्रम बदलला.

ऑक्टोबर २०२४ ला बार्कली मेटलाइफवर परत आला तेव्हा मी होतो तिथे. माझ्या पुढच्या रांगेत एक बाप आणि मुलगा, दोघांच्या अंगावर निळी २६ नंबरची जर्सी, त्याच्या नावाची. सुरुवातीला सगळं स्टेडियम त्याला शिव्या घालत होतं. १७६ यार्ड धावला तो, आमच्या अंगावरून. २८-३. त्या मुलाने बापाला विचारलं, "आपण ह्याला का सोडला?" बाप काही बोलला नाही.

आता नीट ऐक, कारण इथेच लोक माझं म्हणणं उलटं घेतात. आधी घर म्हणजे घरच्या सगळ्यांना पैसे वाटा असं नाही. जायंट्सनेही घरच्यालाच पैसे दिले होते, क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला, २०२३ च्या मार्चमध्ये ४ वर्षं १६० मिलियन, आणि बार्कलीला टॅग, म्हणजे एका वर्षापुरतं अडवून ठेवणं, लावून ठेवला. नोव्हेंबर २०२४ ला जोन्सला सोडून दिला. म्हणजे घरात कोण खांब आहे आणि कोण नुसता जुना आहे म्हणून जवळचा वाटतो, हे निर्दयपणे बघता आलं पाहिजे. ईगल्सने सुपर बोल जिंकून जेमतेम महिना झाला आणि मिल्टन विल्यम्स आणि जॉश स्वेटला जाऊ दिलं, दोघांनी त्या फायनलमध्ये समोरच्या क्वार्टरबॅकला, महोम्सला, लोळवला होता. विल्यम्सला पेट्रियट्सने १०४ मिलियन दिले. ईगल्सनी शांतपणे दार उघडून दिलं. घर ओळखणं म्हणतो ते हे.

तू म्हणशील काका एवढे का चिडतात. चिडतो कारण मी हेच सगळं माझ्या नोकरीत बघितलंय. मी ज्या कंपनीत बजेट सांभाळायचो तिथे एक मुलगी होती, आठ वर्षं तिथे काढलेली, अख्खं फोरकास्टिंग तिच्या डोक्यात. तिने पगारवाढ मागितली, जास्त नाही. नाही म्हणाले. आणि त्याच तिमाहीत बाहेरून एक मोठा माणूस आणला, तिच्या मागणीच्या कितीतरी पट पैसे देऊन, साइनिंग बोनससकट. मी मीटिंगमध्ये आकडे मांडले, तिला ठेवायला किती लागेल आणि ती गेली तर भरून काढायला किती लागेल. मला सांगण्यात आलं की मी "मोठा विचार" करत नाही. ती गेली. तो मोठा माणूस दीड वर्षात गेला. माझे आकडे बरोबर होते आणि ते आजही माझ्याकडे आहेत. दुःख एवढंच की मी ते पुन्हा घेऊन वरपर्यंत गेलो नाही, एकदा बोललो आणि गप्प बसलो, कारण घराचे हप्ते होते, मुलं लहान होती, आणि अशा वेळी माणूस गप्पच बसतो, दुसरं काय करणार. पण तुझ्यावर काही हप्ते नाहीत. तुझी ही असाइनमेंट आहे. इथे गप्प बसलीस तर मला राग येईल.

आता कामाचं. तुझ्या शीटमध्ये एकूण रकमेचा कॉलम आहे, हमीचा नाहीच. पहिला तो टाक. समज ४ वर्षं ६० मिलियन, त्यात २० साइनिंग बोनस. तो बोनस कॅपवर दरवर्षी ५-५ असा पसरतो, म्हणून पहिल्या वर्षी सगळं कसं छान दिसतं. दोन वर्षांनी त्याला काढलास तर उरलेले १० मिलियन तुझ्या कॅपवर येऊन बसतात, खेळाडू नाही आणि पैसे आहेत. क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडताना डेन्व्हर ब्रॉन्कोसवर असे ८५ मिलियन दोन वर्षांत बसले. तुझ्या ग्रुपने घेतलेल्या तिघांचं तिसऱ्या वर्षाचं हे गणित करून दाखव, मग भित्रं कोण ते बघू.

मग तुझ्याच टीमचे पंचविशीतले बघ, ज्यांचं काँट्रॅक्ट पुढच्या वर्षी संपतंय. तो डावीकडचा गार्ड, आणि तो दुसरा सेफ्टी. ९० मधले पहिले पैसे तिथे. एक वर्ष आधी गेलीस तर तो बाजारभाव मागत नाही, कारण त्यालाही दुखापतीची भीती आहे आणि हातात आलेली हमी गोड लागते. आधी घर, सांगितलं ना.

उरलेल्यात दुसऱ्या आठवड्याची वाट बघ. पहिल्या दोन दिवसांत एजंट राजे असतात, दहा दिवसांनी तेच फोन करतात. आणि स्वस्त म्हणजे वाईट नव्हे. झॅक बॉन २०२४ ला ईगल्सला साडेतीन मिलियनला मिळाला, एका वर्षासाठी, न्यू ऑर्लिन्समध्ये त्याला स्पेशल टीम्सवर, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीत, वापरत होते. जागा बदलली आणि तो ऑल-प्रो, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तमांपैकी एक, झाला. असे चार-पाच घे, एकेका वर्षाचे. त्यातले तीन फसले तरी तुझं काही जात नाही.

आणि एक गोष्ट तुमच्यातल्या कुणीच बघितलेली नाहीये. कॉम्पेन्सेटरी पिक, म्हणजे गेलेल्या खेळाडूंच्या बदल्यात लीग देते ते जादा पिक. तुझ्या टीमचे दोन चांगले खेळाडू ह्या वर्षी बाहेर जातायत. तुम्ही बाजारातनं तीन मोठे घेतले की हिशोबात ते दोन कटून जातात आणि पुढच्या ड्राफ्टचे पिक गेले. बाल्टिमोर रेव्हन्सने ऑझी न्यूसमच्या काळापासून ह्यावर अख्खी टीम चालवली, असे पिक त्यांच्याइतके दुसऱ्या कुणालाच मिळालेले नाहीत. त्यात एक बारीक नियम आहे, ज्या खेळाडूला त्याच्या टीमने स्वतः काढून टाकलाय त्याला तू घेतलास तर तो ह्या हिशोबात धरत नाहीत. तेव्हा आधी काढलेल्यांची यादी काढ, त्यातनं कॉर्नरबॅक शोध, आणि मग सोमवारच्या आत मला हमीच्या कॉलमसकट शीट पाठव. त्या गार्डचा आकडा किती धरलास ते पहिलं बघणारे मी.

काका