चषकाला नाव कुणाचंही द्या, शिट्टी मात्र मंडळाकडे ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यातलं गाव, डिसेंबरात मळ्यात सेव्हन-अ-साइड, म्हणजे सात-सात खेळाडूंची, फुटबॉल स्पर्धा, १६ संघ. एका पक्षाचे नेते चषक आणि रोख बक्षीस देतो म्हणतात, दुसऱ्या पक्षाचे सगळ्या संघांना जर्सी. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर. मंडळातला एक गट म्हणतोय, फिफासुद्धा फुटबॉलमध्ये राजकारण चालू देत नाही, मग आपणही दोघांना नाही सांगूया.

नाही सांगायचं तर खुशाल सांगा, पण फिफाच्या नावावर नको. फिफाची हरकत राजकारणी माणसाला नसते, महासंघाचे निर्णय बाहेरच्या कुणी घेण्याला असते. त्याचा चटका आपल्या देशालाच बसलाय. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, निवडणूक झालीच नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं, आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने कारभार तीन प्रशासकांच्या समितीकडे सोपवला. ऑगस्टच्या मध्यावर फिफाने भारताला निलंबित केलं. कारण दिलं ‘तिसऱ्या पक्षाचा अवाजवी प्रभाव’, म्हणजे महासंघाबाहेरच्यांचा हस्तक्षेप. गोकुळम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेला होता, तो न खेळता परतला. १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक हातचा जायची वेळ आली. २२ ऑगस्टला न्यायालयाने समिती मोडीत काढली, २६ तारखेला निलंबन उठलं, तेव्हा कुठे ऑक्टोबरात तो विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत होऊ शकला.

पुढची गंमत बघा. २ सप्टेंबरच्या निवडणुकीत कल्याण चौबे ३३ विरुद्ध १ मताने भाईचुंग भुतियाला हरवून अध्यक्ष झाले. पटेल राष्ट्रवादीचे, चौबे भाजपचे, आणि भुतियाने तृणमूलकडून लोकसभा लढवून नंतर सिक्कीममध्ये स्वतःचा पक्ष काढलेला. तिघांतला एकही फिफाला खुपला नाही. तुमच्या मंडळाला लागू पडणारी गोष्ट हीच आहे. देणगीदार कुठल्या पक्षाचा हे बघत बसू नका. सामन्याची वेळ, लॉट्स (कोण कुणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या), पंच, बक्षिसाचा हिशेब आणि तक्रारीचा निकाल हे मंडळाच्या हातात राहतं का, एवढंच बघा. राहत असेल तर दोघांचेही पैसे घ्या. एकाचे घेऊन दुसऱ्याला परत पाठवलंत तर मात्र तुम्हीच पक्ष निवडला असं गाव म्हणेल, आणि बरोबर म्हणेल.

नेत्याला स्पर्धेतून काय हवं असतं ते आधी ओळखा. फोटो आणि भाषण हे वरवरचं. खरी किंमत असते ती तयार बांधणीला. इटलीचा उद्योगपती आणि पुढे पंतप्रधान झालेल्या बेर्लुस्कोनीने १९८६ मध्ये एसी मिलान हा फुटबॉल क्लब घेतला आणि १९९४ मध्ये पक्ष काढला तो ‘फोर्झा इतालिया’ नावाने. इटलीच्या संघाला चिअर करताना लोक तेच ओरडतात. क्लबच्या चाहत्यांच्या मंडळांचं जाळं पक्षाच्या शाखांना कामी आलं. आपल्या पातळीवर हे जाळं म्हणजे नोंदणी अर्जांची फाईल. १६ संघ, प्रत्येकी १० खेळाडू, म्हणजे १६० तरुण मतदारांची नावं, वाड्या आणि मोबाईल नंबर. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी कार्यकर्ता ‘टी-शर्टच्या साइजसाठी’ ती यादी मागतो. द्यायची नाही. आधार कार्ड बघून जन्मतारीख आणि गाव नोंदवा आणि कार्ड तिथल्या तिथे परत करा, झेरॉक्स ठेवूच नका. मोबाईल नंबर फक्त कर्णधाराचा घ्या.

आता पैसे. कोकणात स्पर्धा मोडतात त्या बहुतेक एकाच कारणाने: स्टेजवर जाहीर झालेली रक्कम आणि हातात पडलेली रक्कम यात फरक राहतो. म्हणून मूळ खर्च प्रवेश फीमधूनच निघेल असं गणित मांडा. १,५०० रुपये फी धरली तर १६ संघांचे २४,००० होतात. तीन पंच दोन दिवस, दिवसाला १,००० प्रमाणे ६,०००. चुना, दोर, जाळ्या, खांब ४,०००. तीन चांगले चेंडू ३,६००. पाणी, बर्फ, प्रथमोपचार ३,०००. स्पीकर ३,०००. झाले १९,६००. उरलेल्या ४,४०० मध्ये छोट्या ट्रॉफ्या आणि प्रमाणपत्रं होतात. तुमच्याकडचे भाव थोडे इकडेतिकडे असतील, पण तत्त्व एकच: देणगीदार ऐनवेळी फिरला तरी सामने व्हायला हवेत. रोख बक्षीस तेवढं देणगीतून द्या, आणि पत्रिकेवर आकडा तोच छापा जो लॉट्सच्या दिवसापर्यंत मंडळाच्या खात्यात जमा झालाय. रोख नको, चेक किंवा यूपीआय. पावती देणाऱ्याच्या नावाने करा, पक्षाच्या नावाने नको. खातं सचिवाच्या नावावर असेल तर आधी मंडळाचं खातं उघडा, दोन सह्यांचं, आणि त्या दोन सह्या एकाच पॅनेलच्या माणसांच्या नकोत.

जर्सीची देणगी ही चषकापेक्षा जास्त अवघड. पाठीवर नेत्याचा फोटो छापून येतो, आणि तो नियमात बसत नाही. आंतरराष्ट्रीय नियमावलीतला चौथा नियम सांगतो की पोशाखावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा, मजकूर किंवा चित्र असता कामा नये. हा एक नियम तुमच्या पत्रिकेत शब्दशः छापा, म्हणजे ‘मंडळाने आमच्या साहेबांचा फोटो नाकारला’ असं कुणाला म्हणता येणार नाही, नाकारला तो नियमाने. तरीही एखादा संघ फोटोवाली जर्सी घालून उतरतोच. त्यासाठी दोन रंगांच्या १०-१० बिब्स (जर्सीवरून घालायच्या बिनबाह्यांच्या बंड्या) मैदानाशेजारी पिशवीत ठेवा. बिब घाला नाहीतर पाच मिनिटांनंतर समोरच्या संघाला पुढे चाल, असं पंचांना आधीच सांगून ठेवलं की वाद तिथेच संपतो. रंगाचंही तसंच. भगवा, हिरवा, निळा हे रंग आपल्याकडे नुसते रंग राहिलेले नाहीत. संघ वाडीच्या नावाने घ्या आणि रंग चिठ्ठीने वाटा.

शक्य असेल तर जर्सीवाल्यांना वळवा. १६० जर्सींच्या पैशात १२ बाय ६ फुटांचे लोखंडी पाइपचे दोन गोल आणि जाळ्या होतील, आणि स्पर्धेनंतर शाळेत राहतील. दात्याचं नाव खांबाच्या मागच्या बाजूला लहान अक्षरांत लिहायला हरकत नाही. उचलता येणारे गोल असतील तर मागची पट्टी खुंट्यांनी जमिनीत ठोका किंवा वाळूच्या गोणी टाका. पोरं आडव्या पाइपला लोंबकळतात आणि गोल अंगावर येतो. पोफळीचे खांब वापरणार असाल तर दोन फूट खोल गाडा. मळ्यातली माती डिसेंबरात वरून कडक दिसते, आत ओल असते.

बॅनर एकच ठेवा, ८ बाय ३ फुटांचा. सगळ्या देणगीदारांची नावं एकाच मापाच्या अक्षरांत, पैसे जमा झाल्याच्या तारखेच्या क्रमाने. फोटो कुणाचाच नाही. एकाचा घेतला की त्याच्या वर वरिष्ठांची रांग येते, मग कुणाचं डोकं मोठं छापलं यावर फोन सुरू होतात. ग्रामपंचायतीची परवानगी घ्या आणि महावितरणच्या खांबावर बांधू नका. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाचा कायदा १९९५ पासून आहे आणि विरोधी गटाला तो बरोबर आठवतो.

आचारसंहितेबद्दल गैरसमज फार. ती लागली म्हणून स्पर्धा बंद होत नाही. अडचण होते ती इच्छुक उमेदवाराच्या हातून वस्तू किंवा रोख वाटली गेली तर, कारण ते मतदाराला दिलेलं आमिष ठरू शकतं, आणि तक्रार झाली की तुमचंही नाव कागदावर येतं. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही हे खरं, पण गावात कोण कुणाचा हे कागदाला विचारावं लागत नाही. तारखा जाहीर झाल्या असतील तर तहसीलदार कार्यालयाच्या निवडणूक शाखेत स्पर्धेचं पत्र देऊन पोच घ्या. बक्षीस वाटप निवृत्त शिक्षक किंवा जुन्या खेळाडूच्या हस्ते करा आणि स्टेजवर इच्छुकांपैकी कुणालाच बसवू नका. स्पीकरची परवानगी पोलीस ठाण्याकडून वेगळी घ्यावी लागते. सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर रात्री १० नंतर तो कुठल्याच परवानगीत बसत नाही.

उद्घाटनाचा नारळ कुणी फोडायचा, हा सगळ्यांत नाजूक प्रश्न. त्यावर आपल्याकडे तयार तोडगा आहे. गावात मानाचा क्रम ठरलेला असतो. गावकर-मानकऱ्यांकडून गाऱ्हाणं (गावाच्या वतीने देवाला साकडं) घालून घ्या आणि नारळ त्यांच्याच हातून वाढवा. दोन्ही पक्षांचे नेते मागे हात जोडून उभे राहतील, कारण देवासमोर मान कुणी मागत नाही. मात्र तुमच्या गावात मानाचाच वाद कोर्टात असेल, आणि तशी गावं कमी नाहीत, तर ही वाट धरू नका. मग शाळेच्या मुख्याध्यापकांकडून थेट किक-ऑफ करून घ्या.

वेळापत्रकात नेत्याच्या येण्याची वेळ कधीच लिहू नका. शनिवारी ८ ते ११ चार सामने आणि ३ ते ६ चार सामने. १५-५-१५ मिनिटांचा सामना, ४५ मिनिटांचा स्लॉट. रविवारी सकाळी उपांत्यपूर्व चार, दुपारी २.३० आणि ३.१५ ला उपांत्य, ४.३० ला अंतिम. अंतिम २०-१०-२०, म्हणजे ५.२०. जादा वेळ आणि पेनल्टी धरली तर पावणेसहा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, त्यामुळे हातात पंधराएक मिनिटं उरतात. ‘साहेब निघालेत’ म्हणून अर्धा तास थांबलात तर पेनल्टी अंधारात मारल्या जातात, आणि अंधारातल्या पेनल्टीवरून झालेलं भांडण मतदानापर्यंत टिकतं. निमंत्रण पत्रातच लिहा: ‘आपण पोचाल तेव्हा चालू सामन्याच्या मध्यंतरात खेळाडूंशी ओळख करून दिली जाईल.’ नेत्यांनाही हे सोयीचं पडतं, दिवसाला तीन स्पर्धा करायच्या असतात त्यांना. मध्यंतर पाच मिनिटांचं आहे, अंतिम सामन्यात दहाचं, माईक द्यायचा तर दोन मिनिटंच. पोरं जास्त वेळ उभी राहिली की पोटऱ्यांत गोळे येतात.

पंच तालुक्याबाहेरचे आणि पैसे देऊन आणा. जिल्हा फुटबॉल संघटनेला पत्र लिहून पंच मागा आणि स्पर्धेला मान्यता लागते का तेही विचारून घ्या. विनामान्यता स्पर्धेत खेळल्यामुळे नोंदणीकृत खेळाडू अडचणीत येऊ शकतात. पंचांची राहण्या-जेवणाची सोय कुठल्याही देणगीदाराच्या लॉजवर किंवा घरी करू नका. लॉट्स सर्व कर्णधारांसमोर, देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेत काढा, चिठ्ठ्या स्टीलच्या कळशीत, उचलायला लहान मूल. मोबाईलवर सलग चित्रीकरण ठेवा, मध्ये थांबवू नका.

पाहुण्या खेळाडूंचा नियम आजच ठरवा. गोव्याची हद्द जवळ असल्याने नेत्याच्या वाडीचा संघ म्हापसा-पेडण्याहून पाच पोरं उचलून आणतो, आणि सामना वाडीचा राहतच नाही. संघात जास्तीत जास्त दोन, नावं लॉट्सआधी दिलेली, आणि एक खेळाडू एकाच संघात. तक्रार लेखी, सामना संपल्यापासून १५ मिनिटांत, ५०० रुपये अनामत, खरी ठरली तर परत. निकाल तिघांची समिती देईल, त्यात ज्या वाडीचा सामना त्या वाडीचा माणूस नाही. ही बारीक कलमं फालतू वाटतात, पण २०२४-२५ च्या आय-लीग या देशपातळीवरच्या क्लब स्पर्धेचं विजेतेपद असंच लटकलं होतं. खेळाडूच्या पात्रतेवरून तक्रारी झाल्या, आधी चर्चिल ब्रदर्स विजेते ठरले, आणि जुलै २०२५ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने ते इंटर काशीला दिलं. तिथे निदान लवाद होता. तुमच्याकडे नियम लिहिलेला नसेल तर निकाल ज्याच्या मागे माणसं जास्त तो लावेल.

मैदानाचं एक राहिलं. मळ्याच्या सातबाऱ्यावर नावं पुष्कळ, अर्धे मालक मुंबईला. मेर (शेताचा बांध) मोडली म्हणून शेवटच्या आठवड्यात अडवणूक होते आणि तिच्यामागे बऱ्याचदा नाराज देणगीदार असतो. कसणाऱ्याची आणि गावात असलेल्या सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, मुंबईकरांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर तरी ‘हरकत नाही’ मागवून ठेवा. मोडलेली मेर आठ दिवसांत बांधून देऊ, हे संमतीपत्रात लिहा आणि त्यासाठी दोन गड्यांची मजुरी वेगळी काढून ठेवा. त्याच आठ दिवसांत जमाखर्चाचा कागद शाळेच्या फलकावर लागला पाहिजे, दोन्ही देणगीदारांच्या रकमा वरच्या दोन ओळींत.

सातबाऱ्यावर किती नावं आहेत आणि मळा वायंगणी शेतीचा, म्हणजे पावसाळ्यानंतर दुसरं भात घेण्याचा, आहे का तेवढं कळवा. वायंगण होणार असेल तर डिसेंबर विसरा, शाळेचं मैदान बघा. ते लहान पडलं तर सेव्हनऐवजी फाइव्ह-अ-साइड करा.